पीएचपीत ++ नेमकं कधी काम करतं: पावती क्रमांकाच्या कोड्याचं सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या छापायला पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिलाय. मूळ पावती सभासदाकडे जाते, स्थळप्रत दप्तरी राहते. दोन्हींवर एकच क्रमांक यायला हवा आणि त्यानंतर तो एकने वाढायला हवा. त्यासाठी लिहिलेली ओळ अशी ($क हे व्हेरिएबल, म्हणजे किंमत ठेवायची जागा; बिंदू दोन तुकडे जोडतो; ++ एकने वाढवतो):

$क = 1;
$मजकूर = $क . $क++;

यायला हवं होतं 11, आलं 21. म्हणजे एका प्रतीवर 2 आणि दुसरीवर 1. मग फक्त वाचायला सोपं जावं म्हणून मध्ये डॅश घातला:

$मजकूर = $क . '-' . $क++;

तर उत्तर आलं 1-1, अगदी बरोबर. सहकारी म्हणतो, ++ चा प्रेसिडेन्स (ऑपरेटरचं प्राधान्य) जास्त असल्यामुळे पहिल्या ओळीत तसं झालं. पण मग डॅश घातल्यावर प्रेसिडेन्स कुठे गेला? दुसरा प्रश्न विंगच्या अक्षराचा. 'अ' ठेवलेल्या व्हेरिएबलला ++ केलं तर 'ब' होत नाही, आणि काही चुकलं असंही पीएचपी सांगत नाही.

दोन्ही प्रश्न चांगले आहेत. वाचायला सुरुवात करण्याआधी एक गोष्ट: पीएचपीत व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं, त्यामुळे इथल्या ओळी फाइलमध्ये जशाच्या तशा टाकून बघता येतील. कोडमधले आणि प्रोग्रामने दिलेले आकडे मात्र मी 1, 2 असेच लिहिले आहेत. देवनागरी १ पीएचपीला आकडा वाटत नाही, कॉन्स्टंटचं नाव वाटतं, आणि ८.० पासून असा न सापडलेला कॉन्स्टंट म्हणजे थेट एरर.

आधी सरळ उत्तर. हा पीएचपीतला बग नाही. ज्या व्हेरिएबलला ++ लावलाय तेच व्हेरिएबल त्याच एक्स्प्रेशनमध्ये (किंमत देणाऱ्या कोडच्या तुकड्यात) आणखी एकदा वापरलं, तर आधी काय वाचलं जाईल याची हमी पीएचपी देत नाही. अधिकृत मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलंय: प्रेसिडेन्स फक्त कोण कोणाशी बांधलं जाईल ते ठरवतो, कोणता भाग आधी चालेल ते ठरवत नाही, आणि हा क्रम आवृत्तीनुसार किंवा आजूबाजूच्या कोडनुसार बदलू शकतो. तुमचा डॅश म्हणजेच तो आजूबाजूचा कोड.

आता हे घडतं कसं ते बघू, कारण कारण कळलं नाही तर माणूस अशा ओळी पाठ करत बसतो आणि पुढची नवी ओळ आली की पुन्हा अडकतो.

$क + 1 हे एक्स्प्रेशन एक किंमत देतं आणि बाजूला होतं. $क मध्ये जे होतं तेच राहतं. $क++ मात्र दोन कामं करतं. एक, किंमत देतं, आणि ती जुनी किंमत असते. दोन, जाता जाता $क बदलून ठेवतं. ++$क तेच करतं, फक्त किंमत नवी देतं. दुसऱ्या कामाला साइड इफेक्ट म्हणतात. एक्स्प्रेशनमध्ये एकच साइड इफेक्ट असेल आणि ते व्हेरिएबल दुसरीकडे कुठे नसेल, तर तो कधी झाला याने काही फरक पडत नाही. ते व्हेरिएबल दुसऱ्यांदा आलं की «कधी» हाच सगळा प्रश्न होऊन बसतो.

सहकाऱ्याचं म्हणणं इथेच घसरतं. प्रेसिडेन्स सांगतो की $क . $क++ मधला ++ फक्त उजव्या $क ला चिकटतो, पूर्ण जोडणीला नाही. एवढंच. कंस घालून बघा, $क . ($क++) किंवा ($क) . $क++, उत्तर 21 च राहील. कंसाने बांधणी बदलते, वेळ बदलत नाही, आणि इथे बांधणी आधीपासून बरोबरच होती.

वेळ ठरते ती झेंड इंजिन, म्हणजे पीएचपीचा कोड चालवणारा गाभा, तुमच्या ओळीचे ऑपकोड कसे बनवतं त्यावर. ऑपकोड म्हणजे इंजिनने एकामागून एक चालवायच्या बारीक सूचना. साधं लोकल व्हेरिएबल वाचण्यासाठी इंजिन वेगळी सूचना तयार करत नाही. जोडणीच्या सूचनेत ते फक्त एवढं लिहून ठेवतं की डाव्या बाजूला $क ची जागा आहे. किंमत त्या जागेतून उचलली जाते ती जोडणी प्रत्यक्ष चालते तेव्हा. $क++ साठी मात्र स्वतंत्र सूचना लागते, कारण तिथे खरंच काम आहे. म्हणून $क . $क++ च्या दोनच सूचना बनतात. पहिली: $क ची जुनी किंमत 1 एका तात्पुरत्या जागेत ठेव आणि $क ला 2 कर. दुसरी: $क च्या जागेत आत्ता जे आहे ते आणि ती तात्पुरती किंमत जोड. आत्ता तिथे 2 आहे. जोडणी झाली 2 आणि 1 ची, म्हणून 21.

डॅश घातल्यावर दोनऐवजी तीन सूचना होतात. जोडणी डावीकडून बांधली जाते, त्यामुळे पहिली सूचना $क आणि '-' जोडायची. ती लगेच चालते, $क मधला 1 उचलते आणि '1-' असा मजकूर तात्पुरत्या जागेत ठेवते. दुसरी सूचना $क वाढवते आणि जुना 1 बाजूला ठेवते. तिसरी हे दोन तुकडे जोडते. 1-1. डॅशने काही दुरुस्त केलं नाही, $क लवकर वाचला जाईल अशी परिस्थिती योगायोगाने तयार झाली.

याच कारणाने बेरजेतही एक चमत्कारिक जोडी दिसते. $क मध्ये 1 असताना

$क + $क++

याचं उत्तर 3, आणि

$क + $क + $क++

याचंही उत्तर 3. पहिल्यात $क उशिरा वाचला म्हणून 2 अधिक 1. दुसऱ्यात $क + $क ही बेरीज आधी उरकली म्हणून 2, मग जुना 1. एक पद वाढलं तरी बेरीज तेवढीच. नुसतं बघून हे कोणाला सांगता येईल? इंजिनचे ऑपकोड माहीत असलेल्यालाच. रोजच्या कामाचा कोड वाचायला एवढं ज्ञान लागू नये असं माझं ठाम मत आहे.

याहून धोक्याची गोष्ट पुढे आहे. हेच $क एखाद्या अ‍ॅरेमध्ये असेल, म्हणजे

$मजकूर = $नोंद['क्रमांक'] . $नोंद['क्रमांक']++;

तर उत्तर 11 येतं. अ‍ॅरेचा घटक वाचायला इंजिनला स्वतंत्र सूचना लागते, ती डावीकडून आधी चालते आणि 1 उचलून ठेवते. ऑब्जेक्टच्या प्रॉपर्टीचंही तसंच. आता विचार करा: प्रोग्राम वाढला, कोणीतरी सुटी व्हेरिएबल गोळा करून एका ऑब्जेक्टमध्ये घातली, तर्क कुठेही बदलला नाही, आणि पावतीवरचा आकडा मात्र बदलला. रीफॅक्टरिंग करणाऱ्याने काहीच चूक केलेली नसते, तरी तो दिवसभर आपल्याच बदलात चूक शोधत बसतो. जुन्या कोडमध्ये अशी ओळ सापडली की «चालतंय ना, मग राहू द्या» या सल्ल्याला मी विरोध करतो तो यासाठी.

असाइनमेंटमध्ये याचीच दोन रूपं वारंवार दिसतात. पहिलं:

$क = $क++;

नव्याने शिकणारे हे लिहितात आणि क्रमांक वाढतच नाही म्हणून हैराण होतात. $क++ ने जुना 1 बाजूला ठेवला, $क ला 2 केलं, आणि मग डावीकडच्या असाइनमेंटने तोच जुना 1 परत $क मध्ये घातला. वाढ झाली होती, ती पुसली गेली. दुसरं:

$यादी[$क] = $क++;

1 हा आकडा कितव्या जागी बसतो? प्रत्यक्षात 2 क्रमांकाच्या जागी, कारण $क++ आधी चालतं आणि कोणत्या जागी ठेवायचं ते शेवटी वाचलं जातं. मॅन्युअल या उदाहरणाबद्दल सांगतं की जागा 1 किंवा 2 यांपैकी काहीही असू शकते, आणि विसंबून राहायचं ते या वाक्यावर.

काही ठिकाणी इंजिन किंमत तिथल्या तिथे उचलतं. फंक्शनला दिलेले आर्ग्युमेंट डावीकडून उजवीकडे एकेक करून पाठवले जातात. म्हणून छाप($क, $क++) लिहिलं तर फंक्शनला 1 आणि 1 मिळतात. [$क, $क++, $क] या अ‍ॅरेत 1, 1, 2 येतात. एको स्टेटमेंटमध्ये बिंदूऐवजी स्वल्पविराम दिला तर प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे छापला जातो, त्यामुळे तिथे 11 दिसतं. पण फंक्शनचा पहिला पॅरामीटर रेफरन्सने (प्रत नव्हे, मूळ व्हेरिएबलच) घेतलेला असेल तर त्याला 1 ऐवजी 2 दिसेल, आणि ओळ वाचताना हे कळायला मार्ग नाही, त्यासाठी फंक्शनची व्याख्या उघडावी लागते.

&&, ||, ?? आणि प्रश्नचिन्ह-विसर्गाचा तिहेरी ऑपरेटर यांचं वेगळं. इथे क्रम पक्का आहे: डावी बाजू आधी, आणि गरज पडली तरच उजवी. धोका असतो तो या «गरज पडली तरच» मध्ये. लॉगिनचे चुकलेले प्रयत्न मोजणारी अशी अट समजा:

$चुकला && $प्रयत्न++ >= 3

पासवर्ड चुकला तरच प्रयत्न वाढतो, तोवर ठीक. सहा महिन्यांनी कोणीतरी पुढे आणखी एक अट लावतं, समजा फक्त बाहेरच्या नेटवर्कवरून आलेल्यांनाच अडवायचं:

$बाहेरून && $चुकला && $प्रयत्न++ >= 3

आता आतल्या नेटवर्कवरून कितीही वेळा चुकलं तरी मोजणीच होत नाही. बदल करणाऱ्याने फक्त अडवण्याची अट बदलली असं त्याला वाटलं, मोजणी त्याच ओळीत लपलेली त्याच्या लक्षात आली नाही. मोजणी एका ओळीत आणि तपासणी दुसऱ्या ओळीत असती तर हे घडलंच नसतं.

याच जातीची एक गोष्ट असर्टची, म्हणजे एखादी अट खरी आहे ना हे तपासणाऱ्या सूचनेची. असर्टच्या कंसात $क++ लिहिलं, तर डेव्हलपमेंटच्या मशीनवर क्रमांक वाढतो आणि प्रॉडक्शनवर वाढत नाही. पीएचपी ७ पासून झेंडच्या असर्शन्स सेटिंगची किंमत -1 ठेवली की असर्टचा कोड तयारच होत नाही, आणि पीएचपीबरोबर येणाऱ्या प्रॉडक्शनच्या नमुना कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ती -1 च असते. आपल्या मशीनवर कधीच न दिसणारी चूक तयार करायची ही हमखास पद्धत आहे.

हा ऑपरेटर आला कुठून, ते दोन ओळींत. केन थॉम्पसन यांनी तो बी भाषेत आणला, तिथून सी मध्ये आला, आणि पर्ल, पीएचपी, जावास्क्रिप्ट यांनी तो पुढे उचलला. पीडीपी-११ या यंत्राच्या ऑटो-इन्क्रिमेंट सोयीमुळे तो सुचला असं अनेकदा सांगितलं जातं, पण बी घडत होती तेव्हा पीडीपी-११ आलंच नव्हतं, हे डेनिस रिची यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्यानंतर प्रत्येक भाषेने क्रमाच्या प्रश्नाचं उत्तर आपापलं दिलं. सी मध्ये i + i++ सारखी ओळ लिहिली तर कम्पायलरवर कोणतंच बंधन उरत नाही, उत्तर काहीही येऊ शकतं. जावा आणि जावास्क्रिप्टने डावीकडून उजवीकडे हा नियमच केला, म्हणून तिथे 1 पासून सुरुवात केली तर हमखास 2 येतं. जावास्क्रिप्टमधून पीएचपीत येणाऱ्यांचा गोंधळ बहुतेक वेळा यातूनच होतो. गो भाषेत ++ आहे, पण तो फक्त स्वतंत्र स्टेटमेंट म्हणून, एक्स्प्रेशनच्या आत लिहिताच येत नाही. स्विफ्टने २०१६ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत तो काढूनच टाकला. पायथनमध्ये तो नाही, आणि तिथे चुकून पुढे ++ लावलं तर त्याचा अर्थ «अधिक, अधिक» होतो: चूक दाखवली जात नाही आणि काही बदलतही नाही. मला गोची वाट सगळ्यांत पटते, कारण सोय तशीच राहते आणि धोका जातो.

आता विंगच्या अक्षराकडे. पीएचपीतला ++ हा «अधिक एक» चा नुसता शॉर्टकट नाही. स्ट्रिंगवर तो पर्लकडून आलेली एक वेगळीच रीत वापरतो. स्ट्रिंग आकडा म्हणून वाचता येत असेल तर ती आकडा होते आणि एकने वाढते, त्यामुळे '0099' चं 100 होतं आणि पुढची शून्यं जातात. तशी वाचता येत नसेल तर शेवटच्या अक्षरापासून मागे येत रोमन अक्षरं आणि 0 ते 9 हे आकडे गाडीच्या मीटरसारखे फिरवले जातात. रोमन झेडनंतर डबल ए येतं, एक्सेलच्या कॉलमसारखं, आणि त्या कामासाठी ही सोय खरंच उपयोगी आहे. पण रोमन अक्षर किंवा आकडा सोडून दुसरा कोणताही बाइट लागला की फिरवणं तिथेच थांबतं. यूटीएफ-८ मधल्या 'अ' चे तिन्ही बाइट या पट्ट्याबाहेरचे आहेत, म्हणून 'अ' वर ++ केलं तर 'अ' च राहतो. ८.३ च्या आधी हे अगदी मुकाट्याने व्हायचं.

तुमच्या पावत्यांना यात खरा धोका आहे. क्रमांक 'अ-01' असा स्ट्रिंग ठेवून त्याला ++ लावलं तर 'अ-02', 'अ-03' असं छान चालतं. टेस्टिंगमध्ये पाच-दहा पावत्या काढल्या की सगळं बरोबर दिसतं. मग 'अ-99' येतं. शेवटचा 9 फिरून 0 होतो, हातचा एक मागे जातो, तो 9 फिरून 0 होतो, हातचा पुन्हा मागे जातो आणि तिथे डॅश आहे. काम थांबतं, हातचा हरवतो, आणि पुढचा क्रमांक येतो 'अ-00'. त्यानंतर पुन्हा 'अ-01'. पहिल्या पावतीचाच क्रमांक दुसऱ्या सभासदाला.

रोमन अक्षरं वापरली म्हणून सुटका होते असंही नाही. फ्लॅटचा संकेत '5डी9' असा रोमन लिपीत असेल तर ++ केल्यावर '5ई0' होतो. आता ही स्ट्रिंग शास्त्रीय पद्धतीने लिहिलेल्या आकड्यासारखी दिसते, पाच गुणिले दहाचा शून्यावा घात. पुढच्या ++ ला इंजिन तिला आकडा समजतं आणि हातात येतो 6. मॅन्युअलमध्ये हा सापळा नावानिशी दाखवलेला आहे.

नल आणि बूलियनवरही वागणं सरळ नाही. नलला ++ केलं तर 1 होतं, पण -- केलं तर नलच राहतं. ट्रू-फॉल्सवर दोन्हींचा परिणाम शून्य. रिकाम्या स्ट्रिंगला ++ केलं तर '1' ही स्ट्रिंग मिळते आणि -- केलं तर -1 हा आकडा. फॉर्ममधलं रिकामं फील्ड म्हणजे रिकामी स्ट्रिंग, त्यामुळे हे पुस्तकी प्रकरण नाही, रोज घडतं. २३ नोव्हेंबर २०२३ ला आलेल्या पीएचपी ८.३ ने या सगळ्यावर पहिल्यांदा आवाज केला: नलवर -- आणि बूलियनवर ++ किंवा -- केलं तर वॉर्निंग, आणि अक्षर-आकड्यांपलीकडची चिन्हं असलेल्या स्ट्रिंगवर ++ केलं तर डेप्रिकेशनची, म्हणजे हे पुढे बंद होणार अशी, सूचना. त्याच आवृत्तीत स्ट्रिंग वाढवण्या-कमी करण्यासाठी वेगळी फंक्शन्सही आली, स्ट्र_इन्क्रिमेंट आणि स्ट्र_डिक्रिमेंट. तुमचा सर्व्हर जुन्या आवृत्तीवर असेल किंवा एरर रिपोर्टिंगमध्ये डेप्रिकेशन बंद असेल, तर तुम्हाला काहीच दिसलं नाही यात नवल नाही.

विंगसाठी ऑपरेटरचा विचारच सोडा. आपल्याकडे विंग असोत की शाळेच्या तुकड्या, क्रम अ, ब, क, ड असा चालतो. युनिकोडच्या तक्त्यात अ नंतर आ येतो आणि क हा ब च्या बराच आधी आहे. म्हणजे देवनागरी समजणारा ++ उद्या कोणी तयार केला तरी तो तुमच्या कामाचा नाही. सरळ यादी ठेवा आणि जागा वाढवा:

$विंगा = ['अ', 'ब', 'क', 'ड'];
$जागा = 0;
$जागा++;
$विंग = $विंगा[$जागा];

पावती क्रमांकाचंही तेच. विंग वेगळी साठवा, क्रमांक पूर्णांक म्हणून वेगळा साठवा, आणि 'अ-07' हे रूप फक्त छापताना तयार करा, स्प्रिंटएफने शून्यं भरून. साठवायची किंमत आणि दाखवायचं रूप वेगळं ठेवलं की वरचे सगळे सापळे एकदम टळतात.

मूळ ओळ मी अशी लिहीन:

$मजकूर = $क . $क;
$क++;

दोन ओळी झाल्या, पण कोणत्याही आवृत्तीत, $क सुटा असो, अ‍ॅरेत असो की ऑब्जेक्टमध्ये, उत्तर एकच. ++ एकटा ओळीवर असेल तर $क++ आणि ++$क यांत फरक राहत नाही, फॉर लूपच्या तिसऱ्या भागातही नाही. ++$क वेगवान म्हणून सगळीकडे तेच वापरा असा सल्ला अजून ऐकू येतो. जिथे किंमत वापरलीच जात नाही तिथे पीएचपी स्वतःच $क++ चं ++$क करून टाकतं, तेव्हा वाचायला जे सवयीचं असेल ते लिहा.

एक गोष्ट मात्र ++ च्या बाजूने सांगायलाच हवी. $मोजणी[शोध()]++ मध्ये शोध() एकदाच चालतं. तेच $मोजणी[शोध()] = $मोजणी[शोध()] + 1 असं लिहिलं तर दोनदा चालतं, आणि शोध() चा स्वतःचा काही साइड इफेक्ट असेल तर दोन वेगळ्या जागा मिळू शकतात. तेव्हा ++ टाळायचा नाही, त्याची किंमत दुसऱ्या कशात गुंतवायची नाही.

क्लोजरबद्दल (बाहेरची व्हेरिएबल वापरणाऱ्या निनावी फंक्शनबद्दल) थोडक्यात: बाहेरचं व्हेरिएबल यूजमध्ये नुसतं दिलं, किंवा बाण-फंक्शनमध्ये वापरलं, तर आत त्याची प्रत जाते. आत $क++ केलं तर प्रत वाढते, बाहेरचा $क तिथेच. यूजमध्ये & लावून रेफरन्स दिला तर बाहेरचाही वाढतो.

आता तुम्ही न विचारलेला, पण तुमच्या प्रोग्रामला सगळ्यांत जास्त लागू होणारा मुद्दा. पीएचपीत $क++ एका रिक्वेस्टच्या मेमरीपुरतं असतं. खरा क्रमांक फाइलमध्ये किंवा डेटाबेसमध्ये आहे. तो वाचा, एक वाढवा, परत लिहा, या तीन पायऱ्यांच्या मध्ये दुसरी रिक्वेस्ट घुसू शकते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सेक्रेटरी आणि खजिनदार दोघे एकाच वेळी पावत्या काढत असतील, दोघांनी 41 वाचला, दोघांनी 42 लिहिला, तर 42 क्रमांकाच्या दोन पावत्या निघतील आणि ++ अगदी बरोबर लिहिलेला असूनही निघतील. फाइल वापरत असाल तर वाचण्याआधी एफलॉकने एक्स्क्लूसिव्ह लॉक घ्या आणि लिहून झाल्यावरच सोडा.

मायएसक्यूएल हा डेटाबेस असेल तर पहिला विचार ऑटो-इन्क्रिमेंटचा, म्हणजे डेटाबेसनेच आपोआप पुढचा क्रमांक देण्याचा, येतो. त्याने दोन पावत्यांना एक क्रमांक मिळत नाही, पण ट्रान्झॅक्शन (एकत्र पार पडणारे बदल) रोलबॅक झालं, म्हणजे मागे घेतलं गेलं, तर वापरलेला क्रमांक परत येत नाही आणि मालिकेत खंड पडतो. हिशेबाच्या पावत्यांत मधला क्रमांक गायब असला की ऑडिटर पहिला प्रश्न त्याचाच विचारतो. म्हणून पावतीसाठी वेगळं काउंटर टेबल ठेवा, प्रत्येक विंगला एक ओळ. टेबल इनोडीबीचं (ट्रान्झॅक्शन पाळणाऱ्या स्टोरेज इंजिनचं) हवं. ट्रान्झॅक्शन सुरू करा, ती ओळ सिलेक्ट फॉर अपडेटने वाचा म्हणजे दुसरा थांबेल, क्रमांक एकने वाढवून लिहा, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये पावतीची नोंद घाला आणि मग कमिट करा. मध्ये काही बिघडलं तर क्रमांक आणि पावती दोन्ही मागे जातात, खंड पडत नाही. पावती क्रमांकाच्या कॉलमवर विंगसह युनिक इंडेक्सही लावा, म्हणजे कोडमध्ये काही राहिलंच तर डेटाबेस अडवेल.

जुना कोड तपासताना ++ आणि -- शोधा, आणि ज्या ओळीत ते एकटे नाहीत त्या प्रत्येक ओळीत तेच व्हेरिएबल पुन्हा आलंय का ते बघा. शंका असलेली ओळ थ्रीव्हीफोरएल या साइटवर टाकली तर पीएचपीच्या अनेक आवृत्त्यांतली उत्तरं एकत्र दिसतात, आणि ऑपकोडही बघता येतात. वर सांगितलेल्या सूचनांचा क्रम तिथे स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून बघा.

दुरुस्त प्रोग्राम वापरायला देण्याआधी चार गोष्टी चालवून बघा: 9 नंतरची पावती, 99 नंतरची, नव्या विंगची पहिली, आणि दोन ब्राउझरमधून एकाच क्षणी काढलेल्या दोन. ज्या पावत्या आधीच सभासदांच्या हातात गेल्या आहेत आणि ज्यांच्या स्थळप्रतीवर एक कमी क्रमांक आहे, त्यांचे क्रमांक डेटाबेसमध्ये मागे जाऊन बदलू नका. दोन्ही क्रमांक समोरासमोर लिहिलेली एक यादी करून दप्तरात लावा, ऑडिटरला आधीच दाखवा, आणि नवा कोड १ एप्रिलपासून नव्या आर्थिक वर्षाच्या नव्या मालिकेवर सुरू करा.